इस्लापूरचा प्रश्न विष्णुपुरीपर्यंत

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता विष्णुपुरी येते. गोदावरीवरच्या प्रकल्पामुळे हे नाव शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मला तिथे थांबायचे आहे ते दुसऱ्या कारणासाठी. १९८१ साली सुरू झालेली श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था इथे आहे. १९८८ साली स्थापन झालेले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आता इथेच आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही इथेच आहे आणि त्याच्या आवारात जीवशास्त्र, संगणकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, सामाजिक शास्त्रे अशी वेगवेगळी संकुले आहेत. रुग्ण पाहणारी, यंत्र बनवणारी, जनुक वाचणारी, आकडेमोड करणारी आणि समाज समजून घेणारी माणसे संध्याकाळी एकाच टपरीवर चहा प्यायला जमू शकतील इतकी जवळ काम करतात. प्रिसिजन मेडिसिनचे केंद्र काढायचे म्हटले की पहिली खटपट असते ती हीच, या सगळ्यांना एकमेकांच्या जवळ आणण्याची. नांदेडात ती आधीच झालेली आहे.

प्रिसिजन मेडिसिनची कल्पना मुळात साधी आहे. एकाच आजाराचे दोन रुग्ण सारखे नसतात. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडत नाही आणि तिसऱ्याला अपाय करते. हा फरक जनुकांतून येतो, आईच्या पोटात असताना झालेल्या उपासमारीतून येतो, खाण्यापिण्यातून आणि कामातूनही येतो. तो ओळखून त्या माणसाला नेमके औषध नेमक्या मात्रेत द्यायचे, एवढेच यात आहे. पण फरक ओळखण्याचे काम एका शाखेच्या आवाक्यातले नाही, म्हणून ते विद्यापीठांचे काम ठरते. माझे म्हणणे असे की या संशोधनासाठी लागणारे जवळजवळ सगळे नांदेडकडे आहे. इस्लापूरसारख्या गावात उभा राहिलेला प्रश्न विष्णुपुरीपर्यंत जाईल आणि उत्तर घेऊन परत येईल, अशी वाट तेवढी नाही. ती वाट नसताना कितीही महागडी प्रयोगशाळा उभारली तरी तिच्यातून निघणारे ज्ञान दुसऱ्या कोणासाठी तरी नेमके असेल, इस्लापूरसाठी नसेल.

इस्लापूर किनवट तालुक्यात, नांदेडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. नदी ओलांडली की विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगणा. बाजाराच्या दिवशी इथे मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरबोली कानावर पडतात. गोंड, परधान, कोलाम, आंध, बंजारा, कोमटी, मराठा, बौद्ध, मुसलमान असे सगळे या भागात पिढ्यानपिढ्या शेजारी राहिले, एकमेकांच्या शेतांत राबले, एकमेकांकडून मीठमिरची घेतली. बेटीव्यवहार मात्र प्रत्येकाने आपापल्या जमातीतच ठेवला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत एका रांगेत वेगवेगळे जैविक वारसे उभे असतात. केसपेपरवर असते ते नाव, वय, वजन आणि तक्रार.

एक उदाहरण घेऊ. पावसाळा सरताना एका कोलाम तरुणाला थंडी वाजून ताप आला. काचपट्टीवर घेतलेल्या रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. नियम ठरलेला आहे: तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. यकृतात दडून बसलेले जंतू प्रायमाक्विनने मरतात, नाहीतर काही आठवड्यांनी ताप पुन्हा उलटतो. पण ज्याच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते, त्याच्या पेशी याच गोळीने फुटू लागतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या अपायामागची उणीव ओळखली. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ती पुरुषांत जास्त उघडी पडते. भारतातल्या आदिवासी जमातींत आढळणाऱ्या तिच्या एका प्रकाराला तर ओरिसाचेच नाव आहे. अशा रुग्णाला प्रायमाक्विन देऊ नये असे उपचाराच्या सूचनांत लिहिलेले असते. पण चाचणीच हाताशी नसेल तर रुग्ण ओळखायचा कसा? मग उरते ते एवढेच सांगणे की लघवीचा रंग बदलला तर गोळी बंद करून दवाखान्यात या. म्हणजे अपाय होऊ द्यायचा आणि त्यावरून निदान करायचे.

ही उणीव ओळखणारी चाचणी बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. तिला जनुकवाचनाचे यंत्र लागत नाही. तरीही ती इस्लापूरच्या टेबलावर विश्वासाने वापरायची तर किती जणांना विचारावे लागेल ते पाहा. कोणत्या जमातीत कोणता प्रकार आहे आणि तो किती तीव्र आहे, हे जीवशास्त्र संकुलाने शोधायचे. चाचणीची पट्टी मे महिन्याच्या उन्हात, वीज गेलेली असताना बिघडू नये आणि तिचा रंग वाचताना चूक होऊ नये, ही अभियंत्याची जबाबदारी. एकदा झालेली तपासणी जन्मभर त्या माणसाबरोबर राहावी, तो ऊसतोडीला किंवा हैदराबादला कामाला गेला तरी हरवू नये, यासाठी नोंदींची रचना संगणकशास्त्रज्ञाने करायची. ताप उतरल्यावर चौदा दिवस गोळी खायला माणूस का तयार होत नाही आणि त्याला कोलामीत काय सांगावे, हे समाजशास्त्र आणि भाषा जाणणाऱ्याने पाहायचे. आणि हे सगळे ज्याच्यासाठी चालले आहे त्या रुग्णाची जबाबदारी डॉक्टरची. एका गोळीच्या निर्णयात विष्णुपुरीतल्या तिन्ही संस्थांचे काम आहे. मग ते एकत्र का होत नाही?

याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधू नये, व्यवस्थेच्या आखणीत शोधावे. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये त्याला जोडली गेली. वैद्यकीय शिक्षणात एकसारखेपणा आणण्यासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता. पण त्यामुळे नांदेडचा डॉक्टर नाशिकच्या विद्यापीठाचा झाला आणि त्याच्या शेजारचा जनुकशास्त्रज्ञ नांदेडच्या विद्यापीठाचा राहिला. अभियांत्रिकी संस्था स्वायत्त आहे, तिचा कारभार वेगळा. शिवाय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तालुक्याचे सरकारी रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. पीएचडीचा मार्गदर्शक कोणत्या विद्यापीठाचा, नैतिकता समितीची परवानगी कोणाची, निधी कोणाच्या खात्यावर येणार, यंत्र बिघडले तर दुरुस्तीचे बिल कोण काढणार, अशा प्रत्येक ठिकाणी दोन कार्यालयांच्या मध्ये भिंत उभी आहे. आंतरविद्याशाखीय संशोधनावर परिसंवाद भरवणे सोपे असते. दोन संस्थांच्या नावे एक यंत्र घेणे फार अवघड असते.

असे संशोधन महाराष्ट्राला अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांचे रक्त कोणत्याच ओळखीच्या गटात बसत नसल्याचे दिसले. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते हा नियम या माणसांच्या बाबतीत लागू होत नव्हता, कारण ए, बी आणि ओ या गटांचा पाया असलेला एच हा घटकच त्यांच्या पेशींवर नव्हता. ‘लॅन्सेट’मधल्या त्या निबंधावर मुंबईतल्या तज्ज्ञांबरोबर लंडनमधल्या रक्तगटतज्ज्ञांची आणि जैवरसायनशास्त्रज्ञांची नावे होती. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असलेला हा गट आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. प्रिसिजन मेडिसिन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी युरोपच्या अनुभवावर बेतलेला नियम मुंबईच्या रक्ताने दुरुस्त केला. त्यामागे होती नियमात न बसणारा नमुना फेकून न देण्याची शिस्त आणि तो दुसऱ्या शाखेच्या माणसाला दाखवण्याची तयारी.

त्याच १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत सिकलसेल आढळल्याची नोंद लेहमान आणि कटबुश यांनी केली. त्याआधी तीन वर्षे लायनस पॉलिंगने सिकलसेलला रेणूचा आजार म्हटले होते, आणि नंतर दोन वर्षांनी अँथनी अॅलिसनने दाखवले की सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यातल्या माणसांनी शतकानुशतके मलेरियाशी जी झुंज दिली, तिच्या खुणा त्यांच्या रक्तात राहिल्या: कुठे सिकलसेल, कुठे थॅलेसेमिया, कुठे जी-सिक्स-पीडीची उणीव. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य. किनवट-माहूरच्या पट्ट्यासाठी ही मोहीम मोलाची आहे. पण तपासणी झाल्यावर पुढचा प्रश्न उरतोच: कोणाला किती औषध?

इथे नागपूरने घालून दिलेला धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात. पाश्चात्त्य देशांत त्याची मात्रा हळूहळू वाढवत रुग्णाला सोसेल तिथपर्यंत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासतात. भारतातला सिकलसेल बहुतांशी वेगळ्या जनुकीय पार्श्वभूमीवर येतो. आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून इथला आजार सौम्य असतो असे बराच काळ मानले गेले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी वर्षानुवर्षे जी मुले पाहिली, त्यांतली अनेक अजिबात सौम्य आजाराची नव्हती. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १० मिलिग्रॅम अशी कमी आणि कायम ठेवलेली मात्राही मुलांच्या वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज पुष्कळ कमी करते. हा शोध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, रक्ततपासणीसाठी कमी खेपा, आणि जिल्ह्याच्या गावी जायला अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या आईला पेलेल असा उपचार. आजाराचे रेणूशास्त्र, इथल्या रुग्णाचे रक्त आणि त्याच्या घरची परिस्थिती या तिन्ही गोष्टी एका आकड्यात उतरल्या. नेमका उपचार म्हणतात तो हा.

मधुमेहाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ‘तीन महिन्यांची साखर’ या नावाने ओळखली जाणारी एचबीएवनसी चाचणी आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. जिथे सिकलसेल आहे, पेशी लवकर फुटतात, किंवा लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया घरोघरी आहे, तिथे हे गृहीतच डळमळते. अॅनिमियात आकडा फुगू शकतो, पेशी लवकर फुटत असतील तर उतरू शकतो. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की तरुण वयाच्या निरोगी भारतीयांत या चाचणीने जी पूर्वमधुमेहाची लाट दिसते, तिचा काही भाग लोहाच्या कमतरतेतून आलेला आहे. म्हणजे इस्लापूरच्या एखाद्या अॅनिमिक तरुणीला मधुमेहाच्या उंबरठ्यावर नेऊन बसवणारा कागद तिच्या साखरेबद्दल बोलत नसेल, तिच्या ताटाबद्दल बोलत असेल. तो कागद वाचायला रक्तशास्त्र लागते आणि आहारशास्त्रही.

त्याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मणारे बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधले ३.५ किलोचे. पण आपले बाळ सगळ्याच बाजूंनी लहान नव्हते. त्याचे स्नायू आणि अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो याच्या उत्तराचा एक धागा तिथे सापडला. पुढे स्वीडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मधुमेहाचे पाच उपप्रकार मांडले, तेव्हा याज्ञिकांच्या गटाने हैदराबादच्या सीसीएमबी या रेणूजीवशास्त्राच्या संशोधन संस्थेसोबत तीच कसोटी तरुण वयात मधुमेह झालेल्या आपल्या रुग्णांना लावली. निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेच्या गटात निघाले. लठ्ठपणा कमी करा हा सल्ला त्यांना पुरेसा नव्हता. या सगळ्याची सुरुवात कुठल्या अद्ययावत यंत्राने झाली नाही. खेड्यातल्या बाळंतिणीचे विश्वासाने घेतलेले वजन, तिने काय खाल्ले याची नोंद आणि तीच कुटुंबे तीस वर्षे न सोडण्याचा निश्चय यांतून ती झाली. नांदेड-लातूरच्या कोरडवाहू पट्ट्यात दुष्काळाच्या वर्षांत पोटात असलेली मुले आज जाणती झाली आहेत. त्यांचा असा पाठपुरावा कोणी करणार असेल तर तो इथल्याच विद्यापीठाला करावा लागेल.

आता बेटीव्यवहाराकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात जातीच्या गाभ्याशी एकच गोष्ट ठेवली: जातीतच लग्न करण्याचे बंधन. शंभर वर्षांनी भारतीय जनुकशास्त्राने त्याच बंधनाचा माग रक्तात काढला. देशातल्या अनेक समाजांत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी आपापसांतली लग्ने थांबली असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. त्याआधी इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना करून दाखवली होती. समाजशास्त्र आणि जीवशास्त्र ही दोन वेगळी दालने आहेत असे इरावतीबाईंना कधी वाटलेच नाही.

वैश्य समाजाचे उदाहरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. मूळ आंध्र-तेलंगणातला हा समाज. आपल्याकडे कोमटी किंवा आर्य वैश्य म्हणून नांदेड, देगलूर, किनवटच्या बाजारपेठांत पिढ्यानपिढ्या नांदतो. सीसीएमबीच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या संयुक्त अभ्यासातून दिसले की हा समाज फार पूर्वी थोड्या कुटुंबांपासून वाढला आणि त्याने बाहेर लग्ने जवळजवळ केली नाहीत. त्यामुळे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या विकराची उणीव त्याच्यात इतरांपेक्षा जास्त आढळते. एरवी याचा काही त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाने स्नायू सैल करणारे स्कोलिन दिले, तर काही मिनिटांत उतरायचा त्याचा परिणाम तासन्तास टिकतो आणि रुग्णाला स्वतःचा श्वास घेता येत नाही. ज्याला हे माहीत आहे तो भूलतज्ज्ञ दुसरे औषध वापरतो किंवा व्हेंटिलेटर तयार ठेवतो. एक प्रश्न विचारला की जीव वाचतो.

तो प्रश्न विचारायचा कसा, हा मात्र नाजूक मामला आहे. केसपेपरवर जात लिहायला लागलो आणि त्यावरून औषध ठरवू लागलो तर जातीला विज्ञानाचा शिक्का मिळेल, आणि ज्या समाजांनी आजवर पुरेसा अपमान सोसला त्यांच्या वाट्याला ‘रोगट रक्त’ हे नवे लांछन येईल. सिकलसेलचे कार्ड निघाल्यावर मुलीचे लग्न मोडते हे कार्यकर्ते सांगतात. माझे मत स्पष्ट आहे: जात हा माग काढण्याचा धागा म्हणून संशोधकाने वापरावा, उपचार ठरवताना जात विचारू नये, चाचणी करावी. वैश्य समाजातल्या बहुतेकांत ती उणीव नसते आणि इतर समाजातल्या काहींत असते. जातीवरून अंदाज बांधणे म्हणजे पुन्हा सरासरीकडे जाणे, आणि सरासरीपासून सुटका हाच तर या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे. ही रेषा कुठे ओढायची हे जनुकशास्त्रज्ञाला एकट्याने ठरवता येणार नाही. त्याच्या शेजारी सामाजिक शास्त्रांच्या संकुलातला माणूस बसलेला हवा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यांत बारा नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, अखेरच्या क्षणी दुरून आलेले रुग्ण अशा कारणांची तेव्हा चर्चा झाली. जिथे साधे औषध वेळेवर मिळण्याची खात्री नाही तिथे जनुकांच्या गोष्टी करणे ही क्रूर चैन नव्हे का?

हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. पाळण्यातल्या बाळाला ऊब, स्वच्छता, प्रतिजैविक आणि जागी असलेली परिचारिका यांआधी काहीही येऊ शकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रीला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तिथे जनुक नव्हते, पण नेमकेपणा होता: कोणते बाळ धोक्यात आहे हे त्याच गावात, त्याच दिवशी ओळखण्याचा. गरिबाच्या दवाखान्यातच अचूकतेची गरज जास्त असते, हे या आक्षेपाचे माझे उत्तर आहे. मुंबईच्या श्रीमंत रुग्णाला चुकीचे औषध मिळाले तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. इस्लापूरच्या रुग्णाने एका खेपेसाठी मजुरी बुडवलेली असते. त्याला दुसरी संधी नसते. प्रायमाक्विनने हिमोग्लोबिन उतरलेल्या तरुणाला रक्त लागले तर ते कुठून आणायचे हा प्रश्न नांदेडात जितका अवघड, त्याच्या कितीतरी पट तो इस्लापुरात अवघड. साधने कमी असतात तेव्हा चुकीच्या उपचाराचा खर्च परवडत नाही.

एकत्र काम केल्यावर काय होऊ शकते याची साक्ष मुंबईत आहे. पवईच्या आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवरची नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि परदेशातल्या अशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश किमतीत ती रुग्णांपर्यंत जाऊ लागली. सिकलसेलसाठीही दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीने बिरसा १०१ नावाचा जनुकदुरुस्तीचा उपचार तयार केला असून तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार केला आहे. परदेशात मान्यता मिळालेल्या अशा उपचाराची किंमत रुग्णामागे २२ लाख डॉलर आहे. बिरसा मुंडांचे नाव दिलेल्या उपचाराचा पहिला हक्क ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचायचा असेल, तर आज किनवटमध्ये कोणाला किती तीव्र आजार आहे याची खात्रीशीर यादी असायला हवी. ती यादी मुंबई किंवा दिल्ली करणार नाही.

पण यादी करायची तर जुनी देणी आठवली पाहिजेत. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात त्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात तपासणी गेली नाही तिथे ६४. हा निष्कर्ष २००९ मध्ये आला आणि जगभरच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. मराठवाड्यातल्या बायांनी जगाला दिलेले हे फार मोठे ज्ञान आहे. पण तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे गंभीर नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते योग्यच होते. उपयोगी ठरू शकेल अशी तपासणी माहीत असताना एका गटाला नेहमीच्या तोकड्या व्यवस्थेवर सोडणे मला मान्य नाही. आणि जिच्या अंगणातून हे ज्ञान निघाले, तिच्या मुलीला आज ती चाचणी गावाच्या आरोग्य केंद्रात सहज मिळाली पाहिजे. तोवर ते देणे फिटलेले नाही.

अमेरिकेतल्या हवासुपाय जमातीचे उदाहरणही आपल्या कामाचे आहे. १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी अॅरिझोना राज्य विद्यापीठाने त्यांचे रक्त घेतले आणि नंतर ते मानसिक आजार आणि जमातीचे मूळ यांच्या संशोधनासाठी वापरले. जमातीने लढा दिला. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि रक्ताचे नमुने परत करावे लागले. आपल्याकडे कोलाम ही अतिअसुरक्षित आदिम जमातींत गणली जाते. जिनोम इंडिया प्रकल्पातली हजारो भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, हे चांगलेच झाले. पण कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, माणसाने अंगठा उमटवलेल्या इंग्रजी कागदाला संमती म्हणता येणार नाही. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत ग्रामसभेपुढे, लोकांच्या बोलीत, संशोधनाचा हेतू सांगितला जावा. नमुना कशासाठी वापरायचा, कुठे ठेवायचा, कधी नष्ट करायचा हे तिथे ठरावे. आणि ज्याचे रक्त घेतले त्याला त्याचा निकाल मिळावा, पुढच्या उपचारासह. निकाल परत देण्याची तरतूद नसलेल्या प्रकल्पाला नैतिकता समितीने परवानगीच देऊ नये.

हे सगळे उभे करायला नव्या विद्यापीठाची गरज नाही. नांदेड विद्यापीठाचे किनवटला उत्तमराव राठोड यांच्या नावाने आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे. तेच या कामाचे ठाणे होऊ शकते. वैद्यकीय महाविद्यालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला जीवशास्त्र संकुलातला सहमार्गदर्शक मिळावा आणि दोन्ही विद्यापीठांनी तो आपला मानावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प इस्लापूरच्या लॅबमध्ये राहून करावा. प्राध्यापकाच्या पदोन्नतीत दुसऱ्या शाखेच्या माणसाबरोबर केलेल्या कामाचे गुण अर्धे न होता पूर्ण धरले जावेत, कारण जोवर एकट्याने लिहिलेला निबंध जास्त फळतो तोवर कोणी शेजारी जाणार नाही. आणि जो लॅब टेक्निशियन वर्षानुवर्षे काचपट्ट्या पाहतो, ज्याला कोणत्या पाड्यावर कोणाला रक्त कमी आहे हे तोंडपाठ असते, त्याचे नाव निबंधाच्या लेखकांत असावे.

सुरुवात जी-सिक्स-पीडीच्या चाचणीने करावी असे मला वाटते. आजार ओळखीचा आहे, गोळी सरकारीच आहे, अपाय टाळता येण्याजोगा आहे, आणि एका पावसाळ्यात उत्तर मिळू शकते. त्यासाठी इमारत बांधावी लागत नाही. लागतात त्या नांदेड आणि नाशिकच्या दोन कुलगुरूंच्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या एकाच कागदावरच्या सह्या, आणि त्याआधी इस्लापूरच्या पंचक्रोशीतल्या ग्रामसभांचे ठराव.